आरोग्याची समग्रता आणि विवेक

शीव हे मुंबईच्या जुन्या बेटाचे उत्तरेकडील टोक. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथील टेकडीवर किल्ला बांधला तो पलीकडच्या साष्टीतील पोर्तुगीज अंमलावर नजर ठेवण्यासाठी. आज त्याच टेकडीच्या आसमंतात वैद्यकाच्या निरनिराळ्या अंमलांच्या हद्दी एकमेकींना येऊन भिडल्या आहेत. १९४७ साली सुरू झालेले आणि आज धारावी-कुर्ल्यापासूनच्या गोरगरिबांचा आधार झालेले लोकमान्य टिळक रुग्णालय येथे आहे. आयुर्वेदाचे महाविद्यालय व त्याला जोडलेले रुग्णालय येथे आहे. होमिओपॅथ, हकीम, हाडवैद्य यांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. आणि गेल्या काही दशकांत ॲक्युपंक्चरच्या पाट्यांचीही त्यांत भर पडली आहे. रोग्याला मात्र या हद्दी ठाऊक नसतात. त्याच्या हातातील प्लास्टिकच्या एकाच पिशवीत एक्स-रेचा मोठा लिफाफा, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, वैद्याने बांधून दिलेल्या चूर्णाच्या पुड्या आणि सुया टोचून घ्यावयाच्या तारखांचे कार्ड सुखाने नांदत असतात.

या सहवासाने एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ वैद्यकाचा नाही. यांतील प्रत्येक शास्त्राने मनुष्याचे एक चित्र रेखाटले आहे: कोणी त्याला पेशींचा व रसायनांचा संघात मानतो, कोणी दोष-धातु-मलांचा समुच्चय, तर कोणी अखंड वाहणाऱ्या जीवनशक्तीचा प्रवाह. ही सारी चित्रे एकाच वेळी खरी असू शकतील काय? ज्याने सुई टोचून घ्यावयाची त्याने त्या सुईमागील विश्वकल्पनाही पत्करली पाहिजे काय? आपल्याकडे देहाचा विचार प्राण, आत्मा आणि कर्म यांच्या विचाराशी इतका निगडित आहे की, श्रद्धावान मनुष्याला हा प्रश्न धर्माच्या उंबरठ्यावर नेऊन सोडतो.

गुडघेदुखीने जर्जर झालेल्या एका वयोवृद्ध आप्ताबरोबर मी ॲक्युपंक्चरच्या एका दवाखान्यात बसलो आहे; तेथे पाहिले ते विषयाच्या आकलनास उपयोगी पडेल म्हणून नमूद करतो. चिकित्सकांनी प्रथम जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली, आणि त्यानंतर झोप, भूक, शौच, घाम, तहान, घरातील काळज्या यांविषयी इतक्या सावकाशीने विचारपूस केली की, वृद्धाने कित्येक वर्षांत कोणापुढे काढले नव्हते ते मुलाच्या दुराव्याचे दुःखही बोलण्याच्या ओघात निघून गेले. नंतर बंद पाकिटातून केसासारखी बारीक सुई निघाली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला ती एका पातळ नळीतून बोटाच्या हलक्या टिचकीने आत गेली. रक्ताचा थेंब आला नाही. ‘दुखतंय का, काका?’ असे विचारता ‘दुखत नाही, पण पाय जड झाल्यासारखा वाटतो,’ असे उत्तर आले. आणि हा जडपणा हेच सुई योग्य जागी पोहोचल्याचे चिन्ह, असे चिनी परंपरा मानते.

या परंपरेचा मूलग्रंथ पीत सम्राटाच्या नावाने ओळखला जातो आणि इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांच्या सुमारास तो सिद्ध झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. सम्राट प्रश्न विचारतो आणि ची-पो नावाचा आचार्य उत्तर देतो, ही त्याची रचना. आणि सम्राटाचा पहिलाच प्रश्न असा की, पूर्वीची माणसे शंभर वर्षे जगत, मग आताची पन्नाशीतच का खचतात? चरकसंहितेत आत्रेय आणि अग्निवेश यांचा गुरुशिष्यसंवाद आहे आणि तिचा पहिला अध्याय दीर्घजीवनाविषयीच आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे साम्य पाहून आप्तभेटीचा आनंद झाल्यावाचून राहत नाही. चिनी वैद्यकाच्या मते ‘ची’ नावाची जीवनशक्ती बारा मुख्य वाहिन्यांतून देहभर संचार करते. यिन आणि यांग या परस्परपूरक तत्त्वांचा समतोल म्हणजे आरोग्य. आणि काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल या पाच अवस्था ऋतूंत चालतात तशाच शरीरातही एकीतून दुसरीत संक्रमण करीत असतात. प्रवाह अडला की रोग, आणि वाहिन्यांवरील नियत बिंदूंवर सुई टोचून तो मोकळा करणे हा उपचार. अशा बिंदूंची प्रमाणित संख्या ३६१ आहे.

हे ऐकताच आपल्या मनात प्राण, नाड्या आणि पंचमहाभूते जागी होतात, आणि पुढची पायरी म्हणून ही विद्या मुळात आपल्याकडूनच चीनला गेली, असा दावाही केला जातो. या दाव्याला आधार म्हणून सुश्रुताची १०७ मर्मे दाखविली जातात. परंतु मर्म म्हणजे ज्यावर आघात झाला असता मृत्यू किंवा वैकल्य येते आणि म्हणून शस्त्र चालविताना जे कसोशीने टाळावयाचे, ते स्थान. तर चिनी बिंदू म्हणजे जेथे सुई मुद्दाम टोचावयाची, ते स्थान. एकाचे प्रयोजन रक्षणाचे, दुसऱ्याचे उत्तेजनाचे. पंचमहाभूते ही सृष्टीची घटकद्रव्ये आहेत, चिनी पंचक हे परिवर्तनाच्या अवस्थांचे आहे, आणि त्यात आकाश नाही, वायूही नाही. शेजाऱ्याच्या घरातील प्रत्येक मौल्यवान वस्तू आपल्याच घरातून गेली असे सिद्ध करण्याच्या धडपडीने आपल्या घराचे वैभव वाढत नाही. दोन प्राचीन समाजांनी एकाच दुःखाचा विचार आपापल्या मार्गाने केला, ही गोष्टच पुरेशी मोठी आहे.

खरे नाते पाहावयाचे असेल तर ते वनस्पतींत पाहावे. चैत्रात जोतिबाला जो दवणा वाहतात आणि दादरच्या फुलबाजारात ज्याच्या जुड्या मिळतात, तो आर्टेमिसिया या कुळातला. चिनी वैद्य ज्या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची वात करून तिची ऊब रोग्याच्या बिंदूंना देतात, तीही याच कुळातली. आणि जिच्यापासून हिवतापावरचे आजचे सर्वांत प्रभावी औषध निघाले, ती छिंगहाव ही चिनी वनस्पतीही दवण्याची सख्खी बहीण. एका बहिणीला आपण देवाच्या चरणी स्थान दिले, दुसऱ्या दोघींना चिन्यांनी रोग्याच्या उशाशी.

महाराष्ट्राचा चीनशी वैद्यकाच्या निमित्ताने जो संबंध आला तोही सेवेचाच आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला निघाले. नागपूरचे डॉ. चोळकर त्यांच्या सोबत होते, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. बाकीचे परतले, कोटणीस तेथेच राहिले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. परळच्याच राजकमल कलामंदिरातून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ही कथा पडद्यावर आणली. कोटणीस हे शल्यवैद्य होते. आपण त्यांचे नाव सुईशी जोडतो ते एका वेगळ्या कारणाने. त्यांचे सहकारी डॉ. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात येऊन त्यांनी ते भारतात रुजविले. आपल्या देशात ही विद्या आली ती युद्धभूमीवरच्या मैत्रीतून आली. पुढे २०१५ साली महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, चिकित्सकांच्या नोंदणीसाठी परिषदेची तरतूद केली, आणि २०१९ साली केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली.

परंतु सरकारी सनद मिळणे आणि सत्याच्या कचेरीत दाखला मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. या दुसऱ्या कचेरीत कसे उभे राहावे याचा धडा मला एका संन्याशाच्या चरित्रात मिळाला. १८७५ साली गिरगावात आर्यसमाजाची स्थापना करणारे स्वामी दयानंद तरुणपणी गंगेच्या काठाने हिंडत असता त्यांच्याजवळ हठयोगाचे काही ग्रंथ होते, आणि त्यांत देहातील चक्रांचे व नाड्यांचे सविस्तर वर्णन होते. नदीतून एक प्रेत वाहत आलेले दिसताच त्यांनी पाण्यात उडी घेऊन ते काठावर ओढले, सुरीने चिरले, हृदय बाहेर काढून पाहिले, वर्णन ताडून पाहिले; आणि ते जुळत नाही अशी खात्री पटताच ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिले. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतः सांगितले आहे. त्यांची ईश्वरावरची निष्ठा या कृत्याने कमी झाली नाही; उलट, जो सत्यस्वरूप आहे त्याच्या उपासकाला असत्याचे ओझे बाळगण्याची मुभा नाही, एवढेच त्यांनी दाखवून दिले.

चिनी वाहिन्यांचेही तेच आहे. शवविच्छेदनात त्या सापडत नाहीत. यावर असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे, की नाड्या काय किंवा या वाहिन्या काय, ते शरीररचनेचे वर्णन नसून साधकाच्या किंवा चिकित्सकाच्या अनुभवाचा नकाशा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन वाचणारा मुमुक्षू ते शवागारात पडताळून पाहण्यासाठी वाचत नाही. साधनेच्या क्षेत्रात हे उत्तर मला संपूर्ण मान्य आहे. परंतु जेव्हा तोच नकाशा हाती घेऊन कोणी ‘तुझा गुडघा बरा करतो’ म्हणतो, तेव्हा तो व्याधीच्या प्रांतात आलेला असतो, आणि तेथल्या शहानिशेला त्याने रुजू झाले पाहिजे.

अशी शहानिशा झालेली आहे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला औषधे व व्यायाम हा नेहमीचा इलाज दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील केवळ २७.४ टक्के रोग्यांना उल्लेखनीय गुण आला. या तीन आकड्यांत दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारे सामर्थ्य आहे. सुईचा उपचार व्यर्थ आहे म्हणणाऱ्याला पहिला आणि तिसरा आकडा गप्प करतो. आणि गुण आला तो वाहिन्यांच्या सिद्धांतामुळेच, असे म्हणणाऱ्याला दुसरा. उपचार लाभदायक आणि उपपत्ती असिद्ध, अशी ही स्थिती आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूला उत्तेजन दिल्याने उतार पडतो, यालाही चांगला पुरावा आहे. परंतु मधुमेह, क्षय वा कर्करोग सुईने बरा होतो, याला नाही.

यातून निष्पन्न काय होते? बुद्धाने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला आहे: बाण कोणी मारला, धनुष्य कशाचे होते, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे म्हणणारा मरून जाईल. रोग्यापुरते हे अक्षरशः खरे आहे. ‘ची’चे अस्तित्व सिद्ध होईपर्यंत गुडघा दुखत ठेवण्याचे त्याला कारण नाही. पण या दृष्टांताने रोग्याला तत्त्वचर्चेतून सुटका मिळते, वैद्याला चौकशीतून मिळत नाही. विष कोणते हे ज्याला शोधावयाचेच नाही, तो पुढच्या बाणाला उतारा कोठून आणणार?

वनस्पतींच्या बाबतीत तर ही चौकशी जीवनमरणाची आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या वैद्यांच्या सर्पगंधेचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे पन्नास रोग्यांवर काळजीपूर्वक नोंदवून १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि घरच्या परसातील मुळीकडे जगाचे लक्ष गेले. चीनमध्ये थू योयो यांनी हिवतापाच्या शोधात शेकडो जुने पाठ चाळले; चौथ्या शतकातील को-हुंग याच्या ग्रंथात छिंगहाव पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा, असे लिहिलेले त्यांना आढळले; उकळावे, असे तेथे म्हटलेले नाही हे त्यांनी हेरले, कमी उष्णतेवर अर्क काढला आणि १९७१ साली त्यांच्या हाती गुणकारी अर्क लागला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज पावसाळ्यात मुंबईच्या रुग्णालयांत घातक हिवतापाने आलेल्या रोग्याच्या शिरेतून जे औषध दिले जाते, ते याच वनस्पतीचे वंशज आहे. ग्रंथावर श्रद्धा नसती तर तो पाठ कोणी वाचला नसता. ग्रंथाची परीक्षा केली नसती तर तो पाठ एक पाठच राहिला असता.

आणि परीक्षा न केल्याचे फळही नोंदलेले आहे. ब्रसेल्समधील एका दवाखान्यात वजन उतरविण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरी, नावाने जवळची मुळी मिसळली गेली. शंभराच्या आसपास व्यक्तींच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली आणि पुढे त्यांतील कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. मूत्रपिंडांची ही हानी १९९३ साली उघडकीस आली. जे निसर्गाचे ते निरुपद्रवी, हा समज आपल्याही घराघरांत आहे. बचनाग निसर्गाचाच आहे, हे त्या वेळी कोणी आठवीत नाही.

आता समग्रतेच्या मूळ प्रश्नाकडे यावे. आधुनिक रुग्णालयात माणसाचे तुकडे होतात, ही तक्रार खोटी नाही. सकाळी केसपेपर काढण्यासाठी रांगेत उभा राहिलेला मनुष्य दुपारपर्यंत एका विभागाचे हृदय, दुसऱ्याचे डोळे आणि तिसऱ्याचे मूत्र झालेला असतो. त्याच्या समोरचा तरुण डॉक्टर निर्दय नसतो, पण दाराशी दाटलेल्या गर्दीपुढे दोन मिनिटांहून अधिक वेळ देणे त्याच्या हाती नसते. सुईच्या दवाखान्यातील त्या वृद्धाला अर्धे बरे वाटले ते सुई टोचण्यापूर्वी, हे मी डोळ्यांनी पाहिले. आणि जर्मनीतील दुसऱ्या गटाच्या आकड्याचे रहस्यही बहुतांशी येथेच असावे, असे मला वाटते. माणसाकडे सबंध माणूस म्हणून पाहिले जाणे, हे स्वतःच औषध आहे. चरकाने वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगितले. चौघांपैकी एक तरी लंगडा असला तर चिकित्सा लंगडते. सुश्रुताने दोष, अग्नी, धातू व मलक्रिया यांच्या साम्याबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही स्वास्थ्याच्या लक्षणात घातली.

पण याच ठिकाणी मला जे आग्रहाने सांगावयाचे आहे ते असे की, सबंध माणसात त्याची बुद्धीही येते. जी चिकित्सा देहाला, मनाला आणि आत्म्याला दाराशी सन्मानाने आत घेते, पण ‘विचार मात्र चपलांबरोबर बाहेर ठेवा’ म्हणते, ती समग्र नव्हे. तिने माणसाचा सर्वांत मानवी अंश वगळला. चरकाला हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे प्रमाण मानले. आयुष्याचे प्रमाण आधीच नियत असते की नसते, हा अग्निवेशाचा प्रश्न त्याने टाळला नाही. दैव आणि पुरुषकार या दोहोंवर आयुष्य अवलंबून आहे आणि सारेच नियत असते तर पथ्य, औषध, संरक्षण यांना काही अर्थच उरला नसता, असे त्याने आत्रेयाच्या मुखाने सांगितले. ज्या परंपरेने कर्मसिद्धांतालाही प्रश्न विचारण्याची हिंमत शिष्याला दिली, तिच्या वारसांनी सुईला किंवा मुळीला प्रश्न विचारण्यास कचरावे, यात श्रद्धा नाही, आळस आहे.

म्हणून माझा फैसला असा. वेदनेच्या आणि मळमळीच्या काही विकारांत ॲक्युपंक्चर घेण्यास प्रत्यवाय नाही, आणि ‘ची’ मानल्यावाचून ते घेण्यात अप्रामाणिकपणाही नाही; चिनी काढ्याच्या बाबतीत मात्र आत काय आहे हे कळल्यावाचून घोट घेऊ नये. मोठ्या रुग्णालयांनी या छोट्या दवाखान्यांकडून रोग्याजवळ बसण्याची विद्या शिकावी, आणि या दवाखान्यांनी रुग्णालयांकडून आपल्या दाव्यांची परीक्षा घेण्याची. दोघांनाही त्यात कमीपणा नाही.

वाचकांना एवढीच विनंती आहे: सुई टोचून घ्यावयाची असेल तर चिकित्सकाच्या नोंदणीचा दाखला पाहा आणि सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढावयास लावा, कोणताही काढा किंवा चूर्ण सुरू केले असेल तर ते रुग्णालयातील डॉक्टरांना न लपविता सांगा, आणि क्षयाचे, रक्तदाबाचे वा मधुमेहाचे चालू औषध कोणाच्याही शब्दाखातर, तो शब्द कितीही प्राचीन असला तरी, आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नका.